एक वर्तुळाकार वनस्पतीजन्य वस्तू

सरूच्या झाडाचा चीक हाताला लागला, की साबणाने निघत नाही. तेलाने निघतो. मग तेल साबणाने काढावं लागतं.

*

आमच्या इमारतीला सहा मजले आहेत. दर मजल्यावर चार दारं. दारं तपकिरी.

*

दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ रोज संध्याकाळी सहाला बातम्या ऐकतात. अशा वेळी पाठीमागून कुणी "चहा टाकलाय का?" असं विचारलं, तर ते खुर्चीतून सुमारे एक वीत वर उडतात.

*

नियम एकोणतीस: कोणत्याही सभासदाने आपले दार बाहेरील बाजूने इतर दारांहून वेगळे दिसेल असे काहीही करू नये.

*

पाचव्या मजल्यावर एक नवं जोडपं राहतं. एकदा ती दोघं बाल्कनीतल्या गप्पा आटोपून आत आली, तर सोफ्यावर ढीग करून टाकलेल्या कपड्यांच्या घड्या झाल्या होत्या. उशांचे अभ्रे वेगळे, रुमाल वेगळे, मोजे जोडीजोडीने. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती आणि म्हणत होती, "या शर्टाची कॉलर उसवलीये, कुणाचं लक्ष आहे का घरात?"

*

मी नकाशे छापणाऱ्या कचेरीत नोकरीला आहे.

*

वरच्या सगळ्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो संबंध म्हणजे माझ्या सासूबाई.

त्यांनी छत्तीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं. आता त्यांच्या डोळ्यांना मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. म्हणजे समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. तेव्हापासून त्यांचं माझ्याबद्दलचं मत सुधारलंय, असं माझी बायको म्हणते.

सासूबाई रोज संध्याकाळी एकट्या खाली जातात. बागेपर्यंत चालतात, बाकावर बसतात, परत येतात. चाळीस मिनिटं. रस्त्यात त्या कधीही चुकल्या नाहीत. चुकतात त्या लिफ्टमध्ये. आमचा मजला चौथा. खालून चौथं बटण त्या बोटांनी चाचपून अचूक दाबतात. पण मध्येच दुसऱ्या मजल्यावर कुणी लिफ्ट बोलावली की ती थांबते, पाचव्यावरून कुणी आधीच बोलावली असली की थेट तिथे जाते, दार उघडतं आणि सासूबाई उतरतात. समोर तपकिरी दार. त्याला कडी नसली, तर त्या आत जातात. पहिल्यांदा बातम्यावाल्यांकडे गेल्या, दुसऱ्यांदा घड्यांच्या घरी. दोन्हीकडे त्यांनी "सहज आले होते" असं सांगितलं आणि दोन्ही घरांना ते पटलं. बातम्यावाल्यांनी तर मला जिन्यात अडवून विचारलं, "पुन्हा कधी येणार आहेत त्या?"

पण हे प्रकरण बायकोने फोनवर तिच्या दादाला सांगितलं. गंमत म्हणून सांगितलं. दादा पुलांचे इंजिनिअर आहेत. त्यांना गंमत म्हणून काही सांगू नये, हे तिला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

"हे बघ," दादा म्हणाले, "पहिली वेळ, योगायोग. दुसरी वेळ, इशारा. तिसऱ्यांदा झालं तर मी येईन आणि आईला इकडे घेऊन येईन. वर्षअखेरच्या सुट्टीत येतोच आहे. तेव्हा बघू."

दादांचं घर मोठं आहे, एकमजली आहे, चुकायला दुसरं दारच नाही. फक्त तिथून सगळ्यात जवळचं दुकान मोटारीने वीस मिनिटांवर आहे आणि रस्त्याला पायवाट नाही. सासूबाई तिथे एकदा महिनाभर राहिल्या होत्या. त्या महिन्याबद्दल त्या एवढंच सांगतात, की खिडक्या स्वच्छ होत्या.

"जावईबापू," त्या मला म्हणाल्या, "दिवसभर कुणीतरी माझं कोपर धरून असतं. खुर्ची इकडे आहे, पायरी तिकडे आहे. त्या चाळीस मिनिटांत माझं कोपर माझं असतं. ते जाऊ द्यायचं नाहीये मला. आणि मला दिसत नाही, हे इमारतभर करू नका. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात मी."

तर प्रश्न असा होता: आमचं दार इतर तेवीस दारांपेक्षा वेगळं कसं करायचं?

*

मी दाराला लाल फीत बांधली. सेक्रेटरींनी ती सोडून, नीट गुंडाळून, नियम एकोणतीसच्या प्रतीसह परत आणून दिली. मी मोठी पितळी पाटी लावली. तीही परत आली. दारासमोर खरखरीत पायपुसणं टाकलं, तर सेक्रेटरी स्वतः आले आणि त्यावर पाय पुसत म्हणाले, "हे वेगळं आहे."

"काका, पायपुसणं दारात मोडतं का?"

"ते सभेत ठरेल. तोवर आत घ्या."

बायको नियमावली घेऊन बसली. तिने ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचली आणि पान सतरावर ओरडली, "एकोणतीस ब!"

नियम एकोणतीस (ब): वर्षअखेरच्या सुट्टीतील हंगामी सजावट वरील नियमास अपवाद समजावी.

खाली तळटीप नव्हती. सेक्रेटरींच्या नियमावलीत तळटीप नसलेला हा एकच नियम. बहुधा त्या दिवशी त्यांना बरं नसावं.

मग हिरवं कडं करायचं ठरलं: सुट्टीच्या दिवसांत दारावर लावतात तसं, सदाहरित डहाळ्यांचं, गोल. दुकानात मिळतात, पण ती प्लास्टिकची. मी एक आणून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकाशी नेलं, बोटांनी चाचपलं आणि परत दिलं.

"हा दात घासायचा ब्रश आहे," त्या म्हणाल्या.

वास हवा होता आणि हाताला कळायला हवं होतं. त्यांच्याकडे उरलेल्या वाटा त्याच होत्या. म्हणजे खऱ्या झाडाचं आणि घरी केलेलं.

मला वाटलं, एका रविवारचं काम आहे.

*

सल्ले (आले त्या क्रमाने नव्हे, लागले त्या क्रमाने):

समोरच्या वहिनी: "डहाळ्या रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर गळतात."

बातम्यावाले: "पाण्यात मुळीच बुडवू नका, कुजतात."

सेक्रेटरी: "पाणी जिन्यात सांडलं तर नियम अकरा."

कचेरीतला माझा सहकारी, ज्याने आयुष्यात काहीही बनवलेलं नाही: "तुला जमणार नाही. राग मानू नकोस. म्हणजे कुणालाच जमत नाही. पण तुला विशेष जमणार नाही."

बायको: "कुणालाही काही विचारू नका."

हा शेवटचा सल्ला सगळ्यात आधी मिळाला होता.

*

बागेत सरूची अकरा झाडं आहेत. मला पाहिजे होत्या वीसेक डहाळ्या. माळी भला माणूस. तो म्हणाला, "साहेब, मी देईन हो, पण फांदी तोडली तर माझी नोकरी जाते आणि पडलेली उचलली तर तुमच्यावर केस होते. पडलेलं सगळं सफाई खात्याचं. झाडावर आहे तोवर आमचं."

"आणि पडताना?"

माळ्याने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "तेवढ्या वेळात कुणाचंच नाही," तो म्हणाला. "पण झेलणार कसं?"

उद्यान खात्यात एक खिडकी होती. खिडकीतल्या बाईंनी मला छाटणीचा हिरवा कचरा मिळण्यासाठीचा अर्ज दिला. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला, प्रयोजन लिहिलं: 'दारावरील कडे'. बाईंनी ते खोडायला लावलं.

"प्रयोजनात तीनच आहेत. खत, सरपण, जनावरांसाठी."

"मला यातलं काहीच करायचं नाही."

"मग खत लिहा. सगळ्याचं शेवटी खतच होतं."

पुढचा रकाना 'परिमाण' असा होता. मी लिहिलं, 'वीस डहाळ्या'. बाईंनी तेही खोडलं.

"परिमाण गाड्यांत लिहायचं असतं."

"गाड्यांत?"

"एक गाडी, दोन गाड्या."

"मला पाव गाडीसुद्धा नको. एवढंसं पाहिजे." मी दोन्ही हातांनी एक गोल करून दाखवला. खिडकीच्या चौकटीत तो गोल बराच केविलवाणा दिसला असावा, कारण मागच्या रांगेतला एक माणूस हसला.

"अपूर्णांक चालत नाही," बाई म्हणाल्या. "एक लिहा. एवढं कोण आणून देणारे? लोक अर्ज करतात आणि विसरून जातात. आम्हीही."

मी 'एक' लिहिलं.

नकाशांच्या कचेरीत काम करणाऱ्या माणसाला एककाचं महत्त्व कळायला हवं होतं. आमच्याकडे एकदा एका तळ्याचं क्षेत्रफळ चुकीच्या एककात छापलं गेलं होतं आणि ते तळं शेजारच्या तीन गावांत पसरलं होतं. पण माणूस कचेरीतून बाहेर पडला, की अक्कल टेबलाच्या खणात ठेवून बाहेर पडतो.

चार दिवसांनी उद्यान खात्याने, त्याच्या इतिहासात कदाचित पहिल्यांदाच, एका अर्जाची वेळेवर दखल घेतली. सकाळी आठ वाजता एक ट्रक आला आणि आमच्या इमारतीच्या दारात सरूच्या फांद्यांचा एक डोंगर उपडा करून गेला. चालकाने माझी सही घेतली. पावतीवर लिहिलं होतं: 'खत. एक गाडी. तक्रार नाही.'

*

त्या डोंगरातून मी वीस डहाळ्या घेतल्या आणि बाकीच्या डोंगराकडे पाहिलं नाही. न पाहिलेली गोष्ट नसते, यावर माझा तेव्हा विश्वास होता.

सांगाड्यासाठी मी कपाटातला तारेचा हँगर घेतला आणि तो वाकवून गोल केला.

"हे काय आहे?" बायकोने विचारलं.

"गोल."

"हा बटाटा आहे."

"साधारण गोल आहे."

"अहो, साधारण गोल असं काही नसतं. एकतर गोल असतो, नाहीतर बटाटा असतो."

सासूबाई आतून आल्या. त्यांच्या हातात भरतकामाची लाकडी रिंग होती, मोठी, हाताच्या घामाने गुळगुळीत झालेली. "हिच्यावर बांधा," त्या म्हणाल्या. "आता तशी पडूनच आहे."

मी बांधायला बसलो. एक जुडी ठेवायची, तारेने आवळायची, तिच्या देठांवर दुसरी जुडी. वाचायला सोपं आहे. माझी पहिली जुडी आवळेपर्यंत दुसरी सुटत होती आणि दुसरी आवळताना पहिली मला टोचत होती. तासाभराने माझ्या हाताला चीक, केसांना चीक, आणि चष्म्यावरही चीक. दाराची बेल वाजली तेव्हा मी उठलो आणि खुर्ची माझ्याबरोबर उठली.

सासूबाईंनी काम हातात घेतलं आणि एका दमात सगळ्या गाठी तपासल्या. "ही गाठ आहे की गाठोडं? उलट्या हाताने फिरवा. तारेला खेचू नका, तिला जाऊ द्या जायचंय तिकडे. अंगठा! अंगठा कुठे आहे तुमचा?" छत्तीस वर्षांत या आवाजाने किती मुली रडल्या असतील, याचा मला अंदाज आला. पण अर्ध्या तासाने माझा अंगठा जिथे असायला हवा तिथे होता आणि कडं खरोखर गोल झालं होतं.

संध्याकाळी ते दारावर लागलं. सासूबाई खाली गेल्या आणि चाळीस मिनिटांनी परत आल्या. आम्ही दोघं दाराच्या आत श्वास रोखून उभे. बाहेर बोटं डहाळ्यांवरून फिरल्याचा खसखस आवाज आला, मग दीर्घ श्वास घेतल्याचा, आणि मग दार उघडलं.

"ओळीने उभे राहून काय पाहताय?" सासूबाई म्हणाल्या. "मला काय बक्षीस द्यायचंय?"

दुसऱ्या दिवशी लिफ्ट मध्येच दुसऱ्या मजल्यावर थांबली. त्या उतरल्या, दार चाचपलं, गुळगुळीत लागलं, परत लिफ्टमध्ये शिरल्या. तिसऱ्या दिवशी पाचव्यावर तसंच. सलग पाच दिवस त्या बिनचूक आल्या. दादा यायला बारा दिवस होते. गोष्ट इथे संपायला हवी होती, आणि खाली तो डोंगर नसता तर संपलीही असती.

*

प्रति: सभासद, चौथा मजला.
विषय: वर्तुळाकार वनस्पतीजन्य वस्तू व तिच्या कच्च्या मालाचा ढीग.
महोदय, आपल्या दारावरील वस्तू नियम २९ (ब) मध्ये बसते. ढीग कोणत्याही नियमात बसत नाही. सबब दोन्ही बाबी एकत्रितपणे सभेपुढे ठेवण्यात येत आहेत.

*

सभा गच्चीखालच्या खोलीत भरली. मला वाटलं होतं, ढीग उचला म्हणतील, मी उचलेन, प्रकरण मिटेल. पण समोरच्या वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "कडं इतकं सुरेख झालंय, की आमचं दार समोर अगदी मुंडं वाटतं. आम्हालाही पाहिजे."

"आम्हालाही," घड्यांच्या घरातलं जोडपं एका सुरात म्हणालं.

सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच असा ठराव दिसत होता, ज्यात ढीग संपतो, सभासद खूश होतात आणि नियम एकोणतीस (ब)चं भोक बुजतं. "प्रत्येक दारावर," ते उभे राहून म्हणाले, "एकसारखं. म्हणजे कुठलंच दार वेगळं नाही."

मी हात वर केला. "माझा विरोध आहे."

"कारण?"

मी तोंड उघडलं. कारण होतं, अगदी ओठांवर होतं, आणि ते सासूबाईंचं होतं. दिसत नाही हे इमारतभर करू नका, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि इमारत माझ्यासमोर खुर्च्या टाकून बसली होती.

"मला असं वाटतं," मी म्हणालो, "की वेगळेपणात सौंदर्य असतं."

बातम्यावाल्यांनी माझ्याकडे कणव आल्यासारखं पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, "स्वतःचं झालं, आता दुसऱ्याचं नको. बघा बुवा."

ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे माझं सोडून. पण ते इतिवृत्तात नाही. व्यास चौदा इंच. उंची: कड्याचा मध्य जमिनीपासून चार फूट दहा इंचांवर. बनवणारा: अनुभवी सभासद.

अनुभवी सभासद म्हणजे मी.

*

पुढचे आठ दिवस मी कचेरीतून आलो, की कडी बांधत होतो. तेवीस सांगाडे तारेचे, तेवीसही गोल. एवढा सफाईदारपणा माझ्या हातून उभ्या आयुष्यात झाला नव्हता आणि नेमका नको तेव्हा झाला. मी एखाद्यात मुद्दाम खोट ठेवू पाहत होतो, पण सासूबाई शेजारी बसून प्रत्येक कडं चाचपायच्या आणि खोट काढायच्या.

"आई, हे जरा वाकडं राहू दे ना," बायको हताश होऊन म्हणाली. "सगळी सारखी झाली तर तुलाच कळणार नाही."

"माझ्या हाताखालून वाकडं जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मग मला घर सापडो न सापडो."

मी घरोघर कडी पोचवली. तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांचे पेशंट दवाखान्यात गर्दी असली की घरीच येऊन बसतात, त्यामुळे डॉक्टरांचे वडील, ज्यांना ऐकू येत नाही, बेल दिव्याने ओळखतात आणि येईल त्याला "या, बसा" म्हणून आत निघून जातात. मी कडं हातात धरून वीस मिनिटं बसलो. मग डॉक्टर आले आणि म्हणाले, "आ करा."

*

ठरावात एक गोष्ट कुणाच्याही लक्षात आली नव्हती. दारावरच्या क्रमांकाच्या पाटीचा मध्य जमिनीपासून बरोबर चार फूट दहा इंचांवर आहे. चोवीस कडी लागली आणि चोवीस क्रमांक त्यांच्यामागे गेले. जिन्यातले मजल्यांचे आकडे मागच्या रंगकामात पुसले गेले होते, हेही त्याच दिवशी कळलं. तोवर त्यांच्याकडे पाहायची कुणाला गरजच पडली नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी समोरच्या वहिनी पाचव्या मजल्यावर जाऊन भाजी निवडायला बसल्या. पोस्टमनने सगळी पत्रं बातम्यावाल्यांना दिली आणि त्यांनी ती वाचली. सेक्रेटरी स्वतःच्या मजल्याच्या खालच्या दाराला किल्ली लावताना पकडले गेले आणि म्हणाले, की ते कुलपांची तपासणी करत होते.

त्या दोन दिवसांत सासूबाई खाली गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. दोन्ही संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा त्या दाराजवळच्या खुर्चीत चपला घालून बसल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दादा यायचे होते.

*

दादांची गाडी सहाला पोचणार होती. साडेपाचला सासूबाई उठल्या.

"आई, आज नको," बायको म्हणाली. "दादा येतोय. आजच चुकलीस तर..."

"आज नाही गेले, तर त्याला काय सांगणार? गुडघा?" त्यांनी काठी घेतली. "त्याने पहावं म्हणूनच जायचं. आणि कुणी मागे येऊ नका. माझ्या कानांना अजून सगळं दिसतं."

आम्ही मागे गेलो नाही. बायको बाल्कनीत, मी दारात. सहा वाजले. सहा दहा झाले. लिफ्ट वर गेली, खाली आली, आमच्या मजल्यावर थांबली नाही. सहा वीसला फोन वाजला. दादा होते.

"भाऊजी, पोचलो मी!" आवाजात आनंद मावत नव्हता. "आणि ऐका, आई एकटी वर आली. एकटी! माझ्या डोळ्यांसमोर. बेल वाजली, दार उघडलं, तर ही उभी. मानलं बुवा. मी उगाच काळजी करत होतो."

मी दारात उभा होतो. दारात आणखी कुणीही नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "तुम्ही कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? घरी."

"कुणाच्या?"

"तुमच्या! सोफ्यावर बसलोय. नवीन घेतलात वाटतं? छान आहे. तुम्ही दोघं कुठे आहात? आणि हे आजोबा कोण? मघापासून येतात, हसतात, आत जातात."

"दादा, त्या आजोबांनी तुम्हाला 'या, बसा' असं म्हटलं का?"

"हो. का?"

पलीकडे बेल वाजल्याचं, कुणीतरी आल्याचं ऐकू आलं. मग एक ओळखीचा आवाज, अगदी स्पष्ट: "आ करा."

*

आम्ही तिसऱ्या मजल्यावर धावलो. दादा मोज्यांवर उभे होते, एका हातात बूट. लिफ्टमध्ये कुणीतरी सामान भरत होतं, म्हणून ते जिन्याने आले होते, मजले मोजत. आयुष्यभर पुलांचे खांब मोजलेल्या माणसाला आमच्या इमारतीचा एक मजला जास्त मोजता आला होता.

सासूबाई मात्र सोफ्यावर निवांत बसल्या होत्या.

"आई," बायको म्हणाली, "अगं, तू डॉक्टरांच्या घरी आहेस."

"असेन. मी चुकले नाहीये पण." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "सगळीकडे तोच वास, तेच कडं, तर मी म्हटलं, विचारावं. बेल वाजवली, हा कितवा मजला म्हणून विचारायला. दार माझ्या पोटच्या पोराने उघडलं आणि म्हणाला, ये आई. आता याच्याहून खात्रीचं घर कुठलं असतं, तू सांग."

डॉक्टर म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

दादांनी बूट खाली ठेवला, पुन्हा उचलला. "पण ही तिसरी वेळ झाली," ते कुणाकडेही न पाहता पुटपुटले.

"कुणाची?" सासूबाईंनी विचारलं.

आजोबा आतून आले, आमच्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, "या, बसा."

*

इतिवृत्तातली पुढची नोंद: वर्तुळाकार वस्तू क्रमांकाच्या पाटीखाली नऊ इंच घ्याव्यात. जिन्यातील आकडे पुन्हा रंगवावेत; ते हाताला लागतील असे उठावदार असावेत. ही दुसरी सूचना दादांची होती. त्यांनी चारच दिवसांत पुठ्ठ्याचे साचे कापून सहाही मजल्यांचे आकडे स्वतः बसवले, लिफ्टच्या दाराशेजारी, कोपराच्या उंचीवर. कारण विचारणाऱ्यांना ते म्हणाले, "मला लागतात."

पाचव्या दिवशी ते एकटेच परत गेले. आईला नेण्याचा विषय निघाला नाही. तसा निघाला होता एकदा, जेवताना. सासूबाईंनी त्यांना विचारलं, सोफा खरंच छान होता का, आणि विषय बदलला.

सासूबाई साडेपाचला खाली जातात. आठवड्यातून एकदा त्यांना परत यायला दीड तास लागतो. त्या दिवशी पाचव्या मजल्यावर घड्या असतात.

आम्ही या इमारतीत राहायला आलो तो आठवडा, सासूबाई यायच्या अकरा वर्षं आधी: मी भरदुपारी पहिल्या मजल्यावरच्या एका दाराला सात मिनिटं आमच्या घराची किल्ली लावत होतो, मग कुलूपवाल्याला बोलावलं, आणि त्याने ते उघडून दिलं.